आत्याच्या टीव्हीवर जाण्याआधी

22 जुलै 2021 ला चिपळुणात पाणी शिरलं, तेव्हा आमच्या जुन्या घरातलं लाकडी कपाट पूर्ण बुडालं. घरातल्या सगळ्या लग्नांचे अल्बम त्यात होते. आठ दिवसांनी कपाट उघडलं तर फोटोंचे गठ्ठे झाले होते. एक फोटो दुसऱ्यापासून सोडवायला गेलं की चेहराच कागदावरून सुटून यायचा. माळ्यावर मात्र पाणी पोचलं नव्हतं. तिथल्या पत्र्याच्या ट्रंकेत, जुन्या चादरीत गुंडाळलेली एक व्हीएचएस कॅसेट सापडली. पाठीवर बाबांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'बेबीचं लग्न, मे 92'.

बेबी म्हणजे माझी आत्या. ती गुहागरला असते. अल्बम गेल्याचं कळल्यावर ती फोनवर काहीच बोलली नव्हती, फक्त "बरं" म्हणाली होती. मे 2022 मध्ये तिच्या लग्नाला तीस वर्षं होणार होती. तोवर ही कॅसेट तिला तिच्या घरच्या टीव्हीवर दाखवायची, असं मी तेव्हाच ठरवलं. हे तिला सांगितलं मात्र नाही, कारण कॅसेटमध्ये काही उरलंय की नाही हेच माहीत नव्हतं.

कॅसेटच्या खिडकीतून पाहिलं तर टेपच्या गुंडाळीच्या कडेवर पांढरी भुकटी दिसत होती. बुरशीच ती. कोकणातल्या दमट हवेत तीस वर्षं राहिलेल्या कॅसेटला ती न लागती तरच नवल. अशी कॅसेट थेट व्हीसीआरमध्ये घातली तर बुरशी टेप वाचणाऱ्या हेडवर जाते, आणि टेपही अडकून तुटू शकते. पुण्यात तपकीर गल्लीतल्या एका जुन्या कारागिराकडे गेले. त्यांनी कॅसेट उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "ताई, घाई नको. आधी महिनाभर कोरड्या डब्यात ठेवा." सिलिका जेलच्या पुड्या टाकून ती तांदळाच्या मोठ्या डब्यात ठेवली. महिन्यानंतर त्यांनी मागचे पाच स्क्रू काढले, दोन्ही रिळं उचलून भुकटी पुसली आणि दुसऱ्या कोऱ्या कॅसेटच्या खोक्यात बसवली. दुरुस्त केलेला एक व्हीसीआरही त्यांच्याकडेच मिळाला. नवे व्हीसीआर आता कुठेच बनत नाहीत. जपानच्या फुनाई कंपनीने 2016 मध्ये उत्पादन थांबवलं, ती शेवटची. तेव्हा जे आहे ते जपून वापरायचं.

व्हीसीआरमधून पिवळी, पांढरी आणि लाल अशा तीन पिनांची एव्ही केबल, पुढे यूएसबीची कॅप्चर काडी आणि शेवटी लॅपटॉप, अशी जोडणी केली. यात घाई चालत नाही. तीन तासांची कॅसेट उतरवायला तीन तासच लागतात. पहिल्या प्रयत्नात टेप जिथे खराब होती तिथे काही फ्रेम गळल्या आणि पुढे आवाज चित्राच्या मागे पडू लागला. भटजींचं तोंड आधी हलायचं आणि "शुभमंगल" नंतर ऐकू यायचं. मग एका मित्राकडचा जुना डीव्हीडी रेकॉर्डर मध्ये जोडला. व्हीसीआरचा डळमळीत सिग्नल त्यातून स्थिर होऊन पुढे जातो. दुसऱ्या वेळी सगळं जुळलं. फाइल मोठी होती, तासाला तीसेक जीबी, पण काहीही न दाबता, न गाळता उतरवायचं ठरवलं होतं. टेप परत किती वेळा चालेल याचा भरवसा नव्हता.

मग रात्री एकटीने लॅपटॉपवर पाहायला बसले. एकटीनेच पाहायचं होतं, कारण त्यात बाबा असणार होते. 2016 मध्ये ते गेले. चित्रात ते चौतीस वर्षांचे होते आणि मीही त्या रात्री चौतीसचीच होते. हॅलोजनचा दिवा धरणारा पोरगा त्यांच्या मागे मागे फिरत होता, म्हणून बाबा सतत डोळे बारीक करून बघत होते. आईला हे दाखवण्याआधी मला स्वतःला ते सवयीचं करून घ्यायचं होतं. आईसमोर मीच रडले असते तर तिला नीट पाहता आलं नसतं.

त्या काळच्या रीतीप्रमाणे सगळ्या लग्नावर सिनेमाची गाणी चढवलेली होती. मंगलाष्टकं तेवढी मूळ आवाजात होती, बाकी पंगतीपासून पाठवणीपर्यंत गाणीच गाणी. आजोबा अनेकदा बोलताना दिसत होते, पण ऐकू येत नव्हते. 1996 साली ते गेले. त्यांचा आवाज मला आठवत नव्हता आणि तो या कॅसेटमध्ये मिळेल अशी आशा होती. दोन तास एकवीस मिनिटांनी बदामाच्या आकारात 'समाप्त' आलं आणि पडदा मुंग्यांनी भरला.

इथे टीव्ही आणि संगणक यांतला पहिला फरक कामी आला. टीव्हीवर 'समाप्त' दिसलं की आम्ही कॅसेट बंद करायचो, रिवाइंड करून पेटीत ठेवायचो. लहानपणी पन्नासदा तरी तसं केलं असेल. संगणकावर मात्र चित्राखाली आवाजाची रेघ दिसते, जिथे आवाज आहे तिथे फुगलेली आणि शांतता आहे तिथे बारीक. 'समाप्त'नंतर मुंग्यांच्या खरखरीची एकसारखी जाड पट्टी होती, आणि तिच्याही पुढे, पार शेवटाजवळ, उंचसखल डोंगर दिसत होते. खरखर अशी दिसत नाही. माणसं बोलतात तेव्हा रेघ अशी दिसते.

तिथे गेले. नऊ मिनिटांचा तुकडा होता. शूटिंगवाल्याने मूळ चित्रीकरणाच्याच एका कॅसेटवर गाण्यांची तयार प्रत उतरवली असावी आणि मूळ चित्रीकरणाचं शेपूट तसंच मागे राहिलं असावं. मांडवातली पंगत होती. गाणं नव्हतं. भांड्यांचे आवाज, पोरांचा गलका, कुठेतरी जनरेटर. आणि तुपाची लोटी घेऊन पंगतीतून वाकत वाकत येणारे आजोबा म्हणाले, "अरे, जिलबी फिरवा परत. त्या कोपऱ्यात पोचलीच नाही."

एवढंच वाक्य. मी ते किती वेळा ऐकलं ते मोजलं नाही.

दुसऱ्या दिवशी आई आली, तिलाही लॅपटॉपवरच दाखवलं. तिने आजोबांचा आवाज ओळखला आणि मग बराच वेळ पंगतीत बसलेल्या एकेकाचं नाव सांगत राहिली. निम्मी माणसं आता नाहीत. ती म्हणाली, "ही नावं खाली लिही गं. पुढच्यांना कळणार नाहीत." म्हणून प्रत्येक दृश्याखाली नावं टाकायचं काम सुरू झालं. बारीक, सुबक देवनागरी अक्षरं घेतली. लॅपटॉपवर ती फार सुंदर दिसत होती.

आता आत्याकडचा टीव्ही. तिच्याकडे अजून एकवीस इंची ट्यूबचा टीव्ही आहे आणि त्याला डीव्हीडी प्लेअर जोडलेला आहे. तो बदलायला ती तयार नाही. चांगला चालतो, मग का बदलायचा, हे तिचं म्हणणं मलाही पटतं. म्हणजे डीव्हीडी करावी लागणार होती. माझ्या घरी ट्यूबचा टीव्ही नाही, पण आमच्या इमारतीच्या रखवालदारांच्या खोलीत आहे. त्यांना विचारलं, ते लगेच हो म्हणाले. पुन्हा पुन्हा लिहिता येणारी एक डीव्हीडी आणली, लॅपटॉपवर डोळ्यांत तेल घालून सगळं तपासलं, डिस्क लिहिली आणि एका दुपारी खाली गेले. मनात होतं की हा फक्त एक उपचार आहे.

चित्र सुरू झालं आणि दोन मिनिटांत रखवालदारांच्या घरच्या वहिनी म्हणाल्या, "ताई, ही माणसं अशी दचकत का चालतायत?"

खरंच दचकत होती. उभी असली की ठीक, पण कुणी चालू लागलं, हात हलवला, की एक पाऊल पुढे आणि अर्धं मागे असं थरथरत होतं. लॅपटॉपवर यातलं काही दिसलं नव्हतं. तिथे फक्त हलणाऱ्या माणसांच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा होत्या, आणि जुन्या चित्राला त्या असतातच असं समजून मी सोडून दिल्या होत्या.

त्या रेघांचं कारण कळलं की पुढचं सगळं उलगडतं. आपल्याकडच्या टीव्हीच्या पॅल नावाच्या पद्धतीत सेकंदाला 25 चित्रं असतात, पण प्रत्येक चित्र दोन फेऱ्यांत रंगवलं जातं. पहिल्या फेरीत एकाआड एक रेषा, दुसऱ्या फेरीत उरलेल्या. एका फेरीला फील्ड म्हणतात. सेकंदाला अशी 50 फील्ड्स, आणि लागोपाठच्या दोन फील्ड्समध्ये सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचं अंतर. तेवढ्या वेळात चालणारा माणूस थोडा पुढे सरकलेला असतो. ट्यूबचा टीव्ही त्या दोन फेऱ्या त्याच क्रमाने रंगवतो, म्हणून हालचाल गुळगुळीत दिसते. संगणकाचा पडदा दोन्ही फेऱ्यांच्या 576 रेषा एकदम दाखवतो, म्हणून दोन वेगळ्या क्षणांचे दाते एकमेकांत अडकलेले दिसतात. आता कुठली फेरी आधी, हे फाइलमध्ये नोंदवलेलं असतं. माझ्या कॅप्चरमध्ये वरची फेरी आधी होती. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मी नवं काम उघडताना तयार यादीतून 'डीव्ही पॅल' निवडलं होतं, आणि डीव्ही या डिजिटल टेपच्या पद्धतीत खालची फेरी आधी असते. झालं, क्रम उलटा. टीव्हीने नंतरचा क्षण आधी दाखवला आणि आधीचा नंतर. माणसं सेकंदाला पंचवीसदा मागेपुढे होत होती. लॅपटॉपवर क्रम बरोबर असो की उलटा, थांबवलेल्या चित्रात दाते सारखेच दिसतात. ही चूक डोळ्यांनी पकडायची असेल तर खरा टीव्हीच हवा.

त्या दुपारी वहिनींच्या खोलीत बसून मी वही भरली. नावं कापली गेली होती. ट्यूबचा टीव्ही चित्राच्या चारही कडा थोड्या थोड्या आपल्या चौकटीमागे दडवतो, आणि मी नावं अगदी खालच्या कडेला लावली होती. ट्यूबच्या काळात टीव्हीसाठी काम करणारे लोक अक्षरं चित्राच्या मधल्या ऐंशी टक्क्यांतच ठेवायचे, ते यासाठीच. काही नावांची खालची अर्धी अक्षरं गेली होती, आणि आईने आठवून सांगितलेलं आजोबांच्या मावशीचं नाव तर पूर्णच गेलं होतं.

जी नावं दिसत होती त्यांची शिरोरेषा लुकलुकत होती. हे मला कुठे वाचायला मिळालं नव्हतं आणि मला वाटतं देवनागरीत लिहिणाऱ्या प्रत्येकाने ते जाणून घ्यायला हवं. बारीक अक्षराची शिरोरेषा पडद्याच्या एकाच रेषेवर बसते. ती रेषा दोन फेऱ्यांपैकी एकाच फेरीत येते, म्हणजे सेकंदाला 25 वेळा उमटते आणि 25 वेळा नाहीशी होते. इंग्रजी अक्षरांना डोक्यावरून जाणारी अशी सलग आडवी रेघ नसते, म्हणून त्यांना हा त्रास कमी. आमच्या नावांचा मात्र मांडवाच्या झालरीसारखा लखलखाट चालला होता. जाड अक्षरं घेऊन त्यांच्या कडा किंचित मऊ केल्या, शिरोरेषा निदान तीन-चार रेषा जाड होईल असं पाहिलं आणि लाल रंग सोडून फिकट पिवळा घेतला, तेव्हा ती स्थिर झाली. एव्ही केबलमधून लाल रंग फार पसरतो.

तिसरी गोष्ट चेहऱ्यांची. लॅपटॉपवर सगळं चित्र राखाडी, धुरकट दिसत होतं म्हणून मी गडद केलं होतं. टीव्हीवर मांडवाच्या मागच्या रांगेतली माणसं काळोखात बुडाली. टीव्हीसाठीच्या व्हिडिओत काळा रंग 0 वर नसतो, 16 वर असतो, आणि पांढरा 255 वर नसून 235 वर असतो. मी ज्या खिडकीत प्रीव्ह्यू पाहत होते ती हे ताणून दाखवत नव्हती, म्हणून काळं ते राखाडी दिसत होतं. चित्रात मुळात दोष नव्हताच. मी केलेली सगळी रंगदुरुस्ती काढून टाकली आणि आत्याच्या शालूची जर परत दिसू लागली.

आणि एक उलटी गोष्ट. लॅपटॉपवर चित्राच्या तळाला फाटल्यासारखी एक वेडीवाकडी पट्टी सतत नाचत होती. टेप खराब झाली असं समजून मला तिचं फार वाईट वाटलं होतं. टीव्हीवर ती दिसलीच नाही. व्हीसीआरच्या ढोलावरचं एक हेड काम संपवून दुसरं सुरू होतं त्या बदलाची ती खूण, प्रत्येक व्हीएचएसमध्ये असते. कडा दडवणाऱ्या टीव्हीने ती तीस वर्षं आमच्यापासून लपवली होती.

खरं तर हे कळल्यावर ती पट्टी तशीच ठेवायला हवी होती. पण आईच्या पातळ टीव्हीवर ती दिसेल म्हणून दुसऱ्या डिस्कच्या वेळी मी तळाचा भाग कापला आणि उरलेलं चित्र ओढून उंची पुन्हा 576 केली. त्याने दोन्ही फेऱ्यांच्या रेषा एकमेकींत मिसळल्या. फील्डचा क्रम आता बरोबर होता, तरी हालचाल चिखलासारखी दिसू लागली. फेऱ्यांमध्ये विभागलेल्या चित्राची उंची अशी ओढायची नसते. तिसऱ्या डिस्कला ती पट्टी नुसती काळ्या रंगाने झाकली. तिसऱ्या डिस्कवर सगळं ठीक झालं. वहिनींनी पहिली दहा मिनिटं पाहिली आणि म्हणाल्या, "आता चालतायत नीट."

आईसाठी वेगळी फाइल केली. तिच्या एलईडी टीव्हीला पेनड्राइव्ह लागतो. पातळ टीव्ही फेऱ्यांनी रंगवतच नाही, म्हणून तिथे प्रत्येक फील्डचं पूर्ण चित्र करून सेकंदाला 50 चित्रांची फाइल बनवली. पुष्कळ लोक सोपं म्हणून 25 च करतात. त्यात निम्मी हालचाल कायमची जाते, आणि हळद लावतानाच्या हातांसारख्या चपळ गोष्टी मग घासटलेल्या दिसतात. पेनड्राइव्ह फॅट32 पद्धतीने तयार केलेला होता, त्यावर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, म्हणून दोन भाग केले. पहिल्यांदा लावल्यावर सगळे आडवे फुगलेले दिसले, कारण टीव्ही 4:3 चं चित्र ताणून पडदा भरत होता. रिमोटवरून चित्राचा आकार 4:3 केला. दोन्ही बाजूंना काळे पट्टे आले, आईला ते आधी आवडले नाहीत, पण बाबांचा चेहरा त्यांचा दिसू लागल्यावर तिने रिमोट खाली ठेवला.

मे महिन्यात गुहागरला गेलो. आत्याने काकांना, सुनेला, शेजारच्या दोघींना बोलावून ठेवलं होतं. डिस्क घातली. मंगलाष्टकं झाली, पाठवणी झाली, आत्या मधेमधे माणसं दाखवत होती. खालची नावं वाचत होती आणि एकदा म्हणाली की हे नाव चुकलंय, ती मावशी नव्हे, मामी. ते मी लिहून घेतलं. बदाम आला, 'समाप्त' आलं, शेजारच्या उठू लागल्या. मी सगळ्यांना बसायला सांगितलं. मुंग्यांचा भाग मी काढून टाकला होता, त्यामुळे लगेच पंगत सुरू झाली.

आजोबा लोटी घेऊन आले आणि बोलले. आत्याने माझा दंड धरला. तुकडा संपेपर्यंत ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "परत लाव. आणि अण्णा येतात तिथे थांबव."

थांबवलं. ट्यूबच्या टीव्हीवर थांबलेलं चित्र स्थिर राहत नाही. एकाच चित्राच्या दोन फेऱ्या, दोन वेगळे क्षण, आळीपाळीने उमटत राहतात. आजोबांचा तूप वाढणारा हात वरखाली थरथरत होता, बाकी सगळी पंगत गप्प बसली होती. प्लेअरच्या मेनूत एकच फील्ड धरून ठेवायची सोय असते, हे मला माहीत होतं. मी रिमोट उचलला.

"राहू दे," आत्या म्हणाली. "वाढतायत ना ते."